तलावाच्या पाळीवरून वार्ताहर मंडळींना खुले पत्र

भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतल्या सर्व वार्ताहर भावा-बहिणींना आणि संपादक मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

आज ६ जानेवारी. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली याच दिवशी ‘दर्पण’ काढलं, म्हणून आज तुमचा दिवस. तालुक्याच्या ठिकाणी तुमचे सत्कार होतील, शाल-श्रीफळ मिळेल. तुमच्या कामाचं मोल मला ठाऊक आहे, म्हणूनच आजचा दिवस धरून तुमच्याकडे काही मागायला बसले आहे.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका तलावाकाठच्या गावात राहते. जातीनं ढिवर. सकाळी टोपलं घेऊन गावोगाव मासे विकते. बारावीपर्यंत शिकले, त्यामुळे आमच्या मच्छीमार संस्थेचं लिहिण्या-वाचण्याचं कामही माझ्याकडेच असतं. गावाचं नाव मुद्दाम घालत नाही. जे लिहिणार आहे ते आसपासच्या पंधरा-वीस गावांचं आहे, आणि एका गावाचं नाव पडलं की बाकीची गावं म्हणतात, हे त्यांचं गाऱ्हाणं, आपलं नाही.

विदर्भाला समुद्र नाही. पण काठ आहे. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले तलाव भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात सहा हजारांहून जास्त आहेत. सरकारी कागदात त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांकडे असलेले. नवेगाव बांध त्यातला सगळ्यांना ठाऊक असलेला, पण अर्ध्या कोसावर दुसरा, त्याच्या खाली तिसरा, मध्ये बोड्या, म्हणजे लहान तळी, असं आमच्याकडे पाणीच पाणी आहे. त्या प्रत्येक पाळीखाली, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाखाली, धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि पाळीजवळ आमची घरं. समुद्रकाठी जशी वस्ती असते तशीच ही वस्ती. पाणी चढलं-उतरलं की आमचा दिवस बदलतो.

काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात रायगडकडच्या कोळी बाया भेटल्या. जेवताना त्या सांगत होत्या, वारा वाढणार असेल तर हवामान खातं मच्छीमारांसाठी वेगळा इशारा काढतं. भरती-ओहोटीच्या वेळा पेपरात छापून येतात. हैदराबादची इन्कॉइस नावाची सरकारी संस्था उपग्रहाच्या माहितीवरून समुद्रात मासे कोणत्या भागात मिळण्याचा संभव आहे ते कळवते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी, हे तर लहान पोरालाही माहीत. मी ऐकतच राहिले. मग त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे कसं कळतं गं सगळं?” मला उत्तर देता येईना. आमच्याकडे तुडूम उघडल्याचं कळतं ते पाट वाहायला लागल्यावर. ज्या शहरी वाचकांना तुडूम ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, तलावातून पाटाला पाणी सोडायची जी दगडी वाट पाळीत बांधलेली असते ती तुडूम. आणि जास्तीचं पाणी ज्या बाजूनं उतरून जातं ती सलंग.

आता मूळ गोष्टीवर येते. ती सांगायला जड जाते, पण तिच्यासाठीच हे पत्र आहे.

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आमच्या संस्थेचा एक सभासद बुडाला. वय सव्वीस. आदल्या संध्याकाळी लावलेलं जाळं काढायला पहाटे साडेचारला गेला होता, रोज जायचा तसाच. त्या उन्हाळ्यात तलावातला गाळ यंत्रानं काढला होता आणि पाळीपासून थोड्याच अंतरावर सरळ काठाचा खोल खड्डा तसाच सोडून दिला होता. पावसानं तलाव भरला, खड्डा पाण्याखाली गेला. आमची माणसं तलावात उतरतात ती पायानं तळ वाचत. उतार हळूहळू खोल जातो, इथं चिखल, तिथं मुरूम, पुढं जुन्या झाडाचं खोड, हे अंधारातही तळव्याला कळतं. बापानं पोराला हात धरून शिकवलेलं असतं. त्या दिवशी त्यानं पाय टाकला तिथं तळच नव्हता. पोहता येत होतं त्याला, पण जाळं अंगाभोवती गुंडाळलं गेलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. चार ओळी. गावाचं नाव शेजारच्या गावाचं. आणि वर लिहिलं होतं, मासे पकडण्याच्या नादात युवकाचा बुडून मृत्यू.

कुणीतरी ते कात्रण त्याच्या आईला आणून दिलं. तिला वाचता येत नाही. तिनं मला बोलावून घेतलं. ‘नादात’ या शब्दापाशी माझी जीभ अडली. ती म्हणाली, “वाच ना माय, का लिवलं हाये माह्या पोराचं?” मी खोटं वाचलं. मासे धरायच्या कामावर गेला असताना, असं वाचलं. गावाचं नावही बरोबर वाचलं. तिनं कात्रण घडी घालून पेटीत ठेवलं.

भावांनो, शेतकरी बांधीत असताना वीज पडून गेला तर ‘रोवण्याच्या नादात’ असं तुम्ही लिहीत नाही. मजूर इमारतीवरून पडला तर ‘विटा वाहण्याच्या नादात’ असं लिहीत नाही. मग आमच्या पोराचं रोजचं काम तुमच्या लेखणीला नाद का वाटलं? ही बातमी लिहिणाऱ्याचा माझ्या मनात राग नाही. त्याला कुणी फोनवर दोन वाक्यं सांगितली असतील, रात्री पान सोडायची घाई असेल. पण तो गावात आला असता तर त्याला खड्डा दिसला असता. तो किती खोल खणायचा ठरलं होतं, प्रत्यक्षात किती खणला, काठ उताराचा का ठेवला नाही, काम संपल्यावर तिथं काठ्या रोवून लाल फडकं का बांधलं नाही, हे प्रश्न त्या चार ओळींत मावले असते. ते आले असते तर पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या तलावात तसाच खड्डा झाला नसता. झाला. आजही आहे.

आणखी एक. नोंद असलेल्या मच्छीमाराला प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अपघात विमा आहे, मृत्यू झाला तर ५ लाख रुपये. हे आमच्या गावात कुणालाही माहीत नव्हतं. संस्थेनं सभासदांची नावं आधी कळवायला हवी होती, ती कळवलेली नव्हती, कारण संस्थेलाही माहीत नव्हतं. मला कळलं ते तो गेल्यावर तीन महिन्यांनी, दुसऱ्या तालुक्यातल्या एका बाईकडून. यात संस्थेची चूक आहे, माझीही आहे, ती मी नाकारत नाही. पण आमच्या गावात येणाऱ्या पेपरात त्या योजनेच्या उद्‌घाटनाचे फोटो मी पाहिले होते. कोणत्या नेत्याच्या हातून कुणाला काय मिळालं ते होतं. नाव कुठं नोंदवायचं, कोणते कागद लागतात, हे नव्हतं.

तसंच ठेक्याचं. आमच्या तलावाच्या मासेमारीच्या ठेक्याची मुदत संपत आली होती. नव्या ठेक्याची जाहीर सूचना निघाली ती अशा एका दैनिकात, ज्याचा एकही अंक आमच्या गावात येत नाही. आम्हाला कळेपर्यंत तारीख उलटली होती. खेटे घालून शेवटी ठेका मिळाला, पण तोवर पावसाळा निम्मा सरला होता आणि त्या वर्षी बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, वेळेवर सोडता आली नाहीत. कटला, रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांचं बीज दरवर्षी विकत आणूनच सोडावं लागतं. बीज चुकलं की वर्ष चुकलं. त्या दिवाळीनंतर गावातल्या सात घरांची माणसं नागपूरला बांधकामावर गेली. ती सूचना बारीक अक्षरांत, कायद्याच्या भाषेत होती. कुणी वार्ताहरानं तिची तीन ओळींची सरळ बातमी केली असती तर?

त्यानंतर आम्ही संस्थेच्या खोलीबाहेर भिंतीवर काळा रंग दिला आणि फळा केला. दर सोमवारी सकाळी मी तो पुसते आणि नवा लिहिते. सुरुवातीला म्हातारी माणसं म्हणायची, ही पोरगी शाळामास्तरीण झाली. आता सोमवारी मला उशीर झाला तर तेच हाक मारायला येतात.

काल लिहिलं ते सांगते, म्हणजे आमच्या गावात बातमी कशाला म्हणतात ते तुम्हाला कळेल. तलावात पाणी तुडुमाच्या दगडावरच्या सातव्या खुणेला, गेल्या सोमवारपेक्षा चार बोटं कमी. शनिवारी जाळ्यात ६२ किलो, त्यात मरळ ३ किलो. पाळीच्या मधल्या भागात, मोठ्या चिंचेच्या पूर्वेला, खालून ओल दिसते आहे, ग्रामपंचायतीला अर्ज दिला, पोच घेतली. गुरुवारी उपकेंद्रात लहान लेकरांचं लसीकरण. रेशनचं धान्य आलं. वरच्या टोलीत मुलगी झाली, बाळ-बाळंतीण बरी. वडसाची नाटक कंपनी येत्या शुक्रवारी रात्री शेजारच्या गावात, पटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, निमित्तानं. सारसांची जोडी तलावाच्या उत्तरेच्या बांधीत तीन दिवस दिसते आहे, कुत्री सोडू नका. २६ जानेवारीला ग्रामसभा, विषय खाली लिहिला आहे.

सारसाचं तुम्ही छापता. महाराष्ट्रात हा पक्षी मुख्यतः आपल्याच दोन जिल्ह्यांत उरला आहे, त्याची मोजणी झाली की आकडा पहिल्या पानावर येतो, आणि यायलाच हवा. माझं मागणं इतकंच की ज्या तलावावर तो सारस जगतो त्या तलावाची पातळीही कधी तुमच्या पानावर यावी.

कारण पातळीवरून भांडणं होतात. खालचे शेतकरी उन्हाळी धानासाठी पाणी मागतात, त्यांचं पीक उभं असतं, त्यांचं चुकत नाही. आम्हाला तलावात थोडं पाणी ठेवायचं असतं, कारण मरळ, वाम, शिंगूर, दाडक, बोटरी हे आमचे गावठी मासे याच तलावात अंडी घालतात. त्यांची जोडी उन्हाळाभर जगली तरच मृगाच्या पहिल्या पावसात ती उलट्या धारेनं चढतील. चार वर्षांपूर्वी तलाव तळापर्यंत सोडला गेला. चिखलात मासे तडफडत होते, कावळे-घारींचा थवा पडला होता. आमच्या बाया पाळीवर बसून रडल्या. दुसऱ्या दिवशी शेतकरी आणि ढिवर यांच्यात हातघाई व्हायची वेळ आली. दोन पेपरांत बातमी आली, दोन समाजांत तणाव. ते खरं होतं, पण अर्धंच. तणाव पाण्याच्या हिशोबाचा होता, आणि तो हिशोब तेव्हा कुणाकडेच लिहिलेला नव्हता.

फळा झाल्यापासून हिशोब सगळ्यांसमोर आहे. पहिल्या वर्षी चुन्याच्या खुणांवर कुणाचा विश्वास नव्हता, म्हणून एक शेतकरी आणि एक ढिवर असे दोघं मिळून खूण वाचायला जाऊ लागले. दुसऱ्या वर्षी पाटावरची माणसं मला विचारू लागली, “बाई, आता किती पानी हाये? आमच्या टोकापर्यंत पुरते का?” गेल्या उन्हाळ्यात शेतकऱ्यांनीच तोंडी ठरवलं की दुसऱ्या खुणेखाली तुडूम उघडायचं नाही. त्यांच्यातल्या एका पाटलांनी त्यासाठी आपली दीड एकराची बांधी पडीक ठेवली. ही माझ्या मते गेल्या दहा वर्षांतली आमच्या गावातली सगळ्यात मोठी बातमी. ती कुठंही आली नाही. आता २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तोच ठराव लेखी व्हायचा आहे. फळ्याच्या खाली लिहिलेला विषय तो.

तुमची अडचण मी समजते. तालुक्याला एक माणूस, त्याला पगार नाही, उलट जाहिराती गोळा करायच्या, शंभरावर गावं, पेट्रोल स्वतःचं. पूर्वी भंडारा एकच जिल्हा होता, १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला तेव्हा माझे बाबा म्हणाले होते, आता जिल्हा जवळ आला, आपली बातमीही जवळ येईल. जिल्ह्याचं कार्यालय जवळ आलं खरं. बातमी आली नाही. खेड्यात राहून पेपर चालत नाही असं म्हणाल तर मुकुंदराव पाटलांची आठवण देते. त्यांनी १९१० साली ‘दीनमित्र’ सुरू केलं आणि पुढं नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून कित्येक दशकं चालवलं. तेव्हा वीज नव्हती, फोन नव्हता. आज तलावाच्या पाळीवर उभं राहून मी तुम्हाला फोटो पाठवू शकते.

म्हणून मागणं साधं आहे. पावसाळा संपल्यापासून मृग लागेपर्यंत, आठवड्यातून एकदा, तालुक्यातल्या तलावांची पातळी छापा. मोठ्या धरणांचे टक्के तुम्ही छापताच, इटियाडोहचे छापता. १०० हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात, त्यांचा आकडा मागितला तर द्यावा लागतो, आणि जिथं कुणी देणार नाही तिथं आमच्यासारख्या संस्था खूण वाचून कळवतील. ठेक्याची, बिजाची, विम्याची सूचना निघाली की ती आमच्या भाषेत, शेवटच्या तारखेसकट, ठळक छापा. गेल्या वर्षी, २०२५ च्या एप्रिलमध्ये, राज्य मंत्रिमंडळानं मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. मी पाहिलेल्या पेपरात त्या बातमीला समुद्रातल्या होड्यांचा फोटो होता. वीज, कर्ज, विमा यांत शेतकऱ्यासारख्या सवलती मिळणार, असं खाली लिहिलं होतं. पण तलावात डोंगा घालणाऱ्या संस्थेला त्यातलं काय आणि कसं मिळेल, हे आजही आम्हाला फोनवर फोन करून विचारावं लागतं आहे. ते शोधून लिहिणं तुमच्याशिवाय कोण करणार?

आणि पाळ फुटण्याआधी या. फुटल्यावर तर सगळेच येतात. पाळीतून ओल दिसते म्हणजे आत उंदरा-खेकड्यांनी बिळं केलेली असतात, नाहीतर जुन्या झाडाचं मूळ कुजून पोकळी झालेली असते. त्या वेळी दोन ट्रॅक्टर काळी माती आणि आठ माणसांची दोन दिवसांची मजुरी पुरते. १९५१ साली मालगुजारी गेली, त्याआधी हे काम गावच करत असे. तलाव सरकारचे झाले तेव्हापासून साध्या ओलीसाठीही अर्ज करून वाट बघावी लागते. चिंचेच्या पूर्वेची ओल आज हाताच्या तळव्याएवढी आहे.

चांगलं घडतं तेही पाहायला या. आमच्याच तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साथीनं ढिवर बायांनी तलावात माजलेलं बेशरम नावाचं तण मुळासकट उपटलं, तळ नांगरला, आणि चिला, चौरा, पांज कमळ अशी आपली जुनी पाणवनस्पती हातानं लावली. मासे तिच्यात अंडी घालतात, पाखरं तिच्यावर जगतात. आम्हीही ते पाहून आमच्या तलावाचा एक कोपरा गेल्या वर्षी लावला आहे. गुडघाभर पाण्यात दिवसभर वाकून लावायचं काम, जळवा लागतात, पाठ धरते. यंदा त्या कोपऱ्यात पिल्लं दिसली. मी फळ्यावर लिहिलं तेव्हा ज्या बायांनी लावलं होतं त्या सगळ्या टोपलं डोक्यावर घेऊन तिथं उभ्या होत्या, ज्यांना वाचता येत नाही त्यासुद्धा. आपलं नाव कुठं आहे ते बोट ठेवून दाखवायला लावलं त्यांनी मला.

सोमवारी सकाळी सात वाजता जाळी काठाला लागतात. तेव्हा आलात तर मासे वजन करताना सगळे भेटतील, शेतकरीही असतात, तुडुमाची खूणही वाचता येईल. २६ तारखेला ग्रामसभेला यायचं असेल तर आदल्या रात्री आमच्याकडे मुक्काम करा, जेवायला मरळीचा रस्सा आणि भात मिळेल.

एक शेवटची विनंती. तीन वर्षांपूर्वीच्या त्या बातमीची दुरुस्ती आता छापण्याची रीत आहे की नाही, मला माहीत नाही. नसेल तरी छापा. गावाचं नाव बरोबर घालायचं आणि एवढंच लिहायचं की तो मच्छीमार होता आणि कामावर असताना गेला. ते पान मी त्याच्या आईकडे घेऊन जाईन. ती पेटी उघडेल, जुनं कात्रण काढेल, आणि या वेळी मला तिच्यासमोर छापलं आहे तेच वाचता येईल.

आपली,
तलावाकाठची एक मासे विकणारी बहीण
तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया